कार्डाला ताप, माणसाला ताप

वर्ध्याच्या उन्हाळ्यावर मी काही नवीन लिहावं असं काही उरलेलं नाही. एप्रिल लागला की रुमाल बांधायचा, खिशात कांदा ठेवायचा आणि नवतपा संपेपर्यंत गप राहायचं, हे आपण सगळे जन्मापासून शिकून आलोय. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या रूममध्ये एक चौथा मेंबर राहायला आला आणि त्याने आम्हा तिघांची झोप उडवली. त्याची ही गोष्ट. गोष्ट कसली, कबुलीजबाबच म्हणा ना!

चौथा मेंबर म्हणजे ग्राफिक्स कार्ड. जीटीएक्स १०६०, सहा जीबीवालं. २०१६ साली बाजारात आलेलं मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबाने आजोबाच. आम्ही ते नागपूरहून सेकंडहँड आणलं, तिघांनी वर्गणी काढून. माझा वाटा बाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातून दिला. देताना एवढंच म्हणाले, "कामाचं आहे ना? गेमा खेळाले नाही ना?" मी छातीठोकपणे "नाही" म्हणालो. (पन्नास टक्के खरं.)

काम खरंच होतं. सहाव्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट होता, कपाशीच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखायचा. दिवाळीच्या सुट्टीत देवळीला घरच्या आणि शेजारच्या वावरात फिरून मी मोबाईलने फोटो काढून आणले होते. ते कॉम्प्युटरला पुन्हापुन्हा दाखवून शिकवायचं. सगळे फोटो एकदा दाखवून झाले की एक इपॉक, आणि असे शेकडो इपॉक. तेवढा वेळ कार्ड पूर्ण ताकदीने, न थांबता चालणार. गेम खेळताना मधे जेवायला तरी उठतो माणूस, इथे तेही नाही.

रूममध्ये आम्ही तिघं. एक आर्वीचा, त्याला सगळे 'आर्वी' म्हणतात. दुसरा हिंगणघाटचा, त्याचं नाव लांब म्हणून नुसतं 'घाट'. रूम सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. ज्यांनी वरच्या मजल्यावर मे महिना काढलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. दिवसभर स्लॅब ऊन पितो आणि रात्री अकराला ते आपल्या अंगावर ओकतो. बाहेर जरा बरं वाटत असतं तेव्हा आत भट्टी असते.

जानेवारीत सगळं छान चाललं होतं. रूममध्ये २१ अंश, कार्ड ६५ वर. एप्रिलच्या शेवटी कार्ड ८० दाखवायला लागलं. मेमध्ये ८४. त्या आसपास गेलं की हे कार्ड स्वतःच आपला वेग कमी करतं, जळू नये म्हणून. दहा मिनिटांचा इपॉक तेरा-चौदा मिनिटांवर गेला. आणि एका रात्री दोन वाजता पॉवर सप्लाय गरम होऊन सगळंच बंद. सकाळी उठून पाहतो तर सहा तासांचं शिक्षण पाण्यात, कारण मधे सेव्ह करायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

मी कार्डाला शिव्या घातल्या. सेकंडहँड दिलं, फसवलं, असंही म्हणून झालं. मग हिशोब केला आणि गप्प झालो. जानेवारीत ६५ वजा २१ म्हणजे ४४. मेमध्ये रूम ४० वर, कार्ड ८४ वर. वजाबाकी पुन्हा ४४! कार्ड जसंच्या तसं होतं, बदलली होती ती रूम. पंखा फक्त खोलीतली हवा कार्डावरून फिरवतो, तो हवा थंड करत नाही. जी हवा आहे तिच्यापेक्षा किती वर राहायचं एवढंच पंख्याच्या हातात असतं. हे आपण फर्स्ट इयरला शिकलो, न्यूटनचा शीतकरणाचा नियम म्हणून. पाच मार्कांना लिहून विसरलो.

मग मी उपाय सुरू केले. कॅबिनेटचं झाकण काढलं. टेबल फॅन लावला. फॅनसमोर बर्फाची बाटली ठेवून पाहिली. बर्फ दहा मिनिटांत पाणी झाला आणि मेसच्या मावशींनी बर्फ देणं बंद केलं. शेवटी नजर गेली कूलरवर.

आमचा कूलर तिघांचा. लोखंडी, मोठा, खिडकीत बसवलेला. विदर्भात कूलर का चालतो आणि मुंबईत का नाही, ते कारण साधं आहे. आपली हवा कोरडी. ओल्या ताट्यांतून ती आत येते तेव्हा पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना उष्णता खर्च होते. आमच्या कूलरची हवा मी मोजली आहे. बाहेर ४४ असताना तोंडाशी २८. जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा ओली झाली की हाच कूलर नुसता पंखा होतो.

तर तो २८ अंशांचा झोत मी पुठ्ठ्याचा बोगदा करून सरळ कॅबिनेटकडे वळवला. कार्ड ७२ वर आलं! मी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. खाली "भाऊ जिंकला" असे मेसेज. पुठ्ठा दिवसभर तसाच राहिला. आर्वी रात्री चादर घेऊन गच्चीवर झोपायला गेला. जाताना म्हणाला, "काहून बे, माह्यापेक्षा त्या डब्ब्याले जास्त गरमी होते का?" मी हसलो. घाट काहीच म्हणाला नाही. त्याचा स्वभावच तसा.

तिसऱ्या दिवशी घाट प्रॅक्टिकल देऊन भर दुपारी दोनला सायकलने आला आणि तसाच पलंगावर पडला. मी कोपऱ्यात स्क्रीनकडे तोंड करून बसलेलो. कानात हेडफोन. झोत कार्डावर, आणि त्याच्या पलंगावर स्लॅबची आग. तासाभराने त्याला उलटी झाली म्हणून मी मागे वळलो. त्याचं तोंड लाल, डोळे भलतीकडे, मी काय विचारतोय ते त्याला धड कळत नव्हतं. आर्वी धावत आला. आम्ही त्याला खाली नेलं, चौकीदार काकांनी डोक्यावर, मानेवर, काखेत ओले टॉवेल ठेवले, पेपरने वारा घातला, आणि ऑटो करून दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, वेळेवर आणलं. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलं आणि माणूस बरळायला लागला तर तो उष्माघात, त्यात जीव जातो. हा त्या उंबरठ्यावर होता.

दवाखान्याच्या बाकावर आर्वीने मला एकच विचारलं. "त्या कार्डाचं टेंपरेचर तुले दर मिनटाले माहीत होतं. याचं पाहिलं का तू?"

मला उत्तर आलं नाही. माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात तेव्हाही ७१ चा आकडा असणार. कार्ड ८४ ला स्वतःचा वेग कमी करतं, तशी सोय त्याच्यात बनवलेली आहे. घाटने ती सोय वापरली नाही. त्याला गरम होत होतं तरी तो बोलला नाही, कारण माझा प्रोजेक्ट होता, सबमिशन जवळ होतं आणि त्याला वाटलं, दोन दिवस निघून जातील.

त्या रात्री पुठ्ठ्याचा बोगदा मी फाडून टाकला. कूलर माणसांचा, हा नियम झाला. मग कार्डाचं काय करायचं, ते डोकं शांत ठेवून पुन्हा पाहिलं. जे केलं ते सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल.

एक, साफसफाई. कार्ड उघडलं तर आत धूळ तर होतीच, वर कापसाचे तंतूही. आपल्या जिल्ह्यात तेही आलंच! ब्रश मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळून खडखडीत झाली होती. ती पुसून नवी लावली. ४४ ची वजाबाकी ३७ वर आली. सात अंश, फक्त पेस्टीच्या एका ट्यूबमध्ये.

दोन, कार्डाला थोडं कमी खायला घातलं. हे कार्ड १२० वॉट ओढतं. लिनक्समध्ये एनव्हीडिया-एसएमआय नावाची कमांड आहे, तिला मर्यादा सांगता येते. मी ८४ वॉट सांगितली. वाटलं होतं वेगही तेवढाच पडेल. पण दहा मिनिटांचा इपॉक अकरा मिनिटांत झाला. वेगाचा शेवटचा थोडासा भाग मिळवायला चिपला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. म्हणजे सगळ्यात जास्त उष्णता त्या शेवटच्या हावेपायी होत होती. वजाबाकी २७ वर आली.

तीन, वेळ बदलली. ही अक्कल बाबांची. फोनवर म्हणाले, "उन्हाळ्यात आम्ही वावरात कधी जातो? पहाटेच ना? मग तुह्या मशीनले काय दुपारचा मुहूर्त आहे?" तेव्हापासून ट्रेनिंग पहाटे तीन ते सात. खिडक्या सताड उघड्या, रूम ३३ वर, कार्ड ६० वर. दर इपॉकला सेव्ह, म्हणजे लाईन गेली तरी दहा-अकरा मिनिटांचंच नुकसान.

चार, स्लॅब. घाट बरा झाल्यावर एका संध्याकाळी आम्ही तिघं सेवाग्राम आश्रमात गेलो होतो. लहानपणापासून दहा वेळा गेलेलो, पण या वेळी बघायची नजर वेगळी होती. १९३६ मध्ये गांधीजी सेगावला राहायला आले (१९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं), तेव्हा बांधलेल्या त्या कुट्या. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू आणि खाली उतरलेलं छप्पर, ज्याने भिंतीवर ऊनच पडत नाही. आत गेलेली उष्णता बाहेर काढत बसण्यापेक्षा ती आत येऊच द्यायची नाही. परत येऊन वॉर्डन सरांना विचारलं. सरांनी परवानगी दिली, वर चुन्याची दोन पोती पण दिली. गच्ची पांढरी केली. रूम दोन-तीन अंशांनी उतरली, आणि त्याचा फायदा आमच्या रांगेतल्या सगळ्या रूमना झाला.

एक इशारा, आकड्यांबद्दल. मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आठवतं? देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तेव्हा आकडा दिसला की तो कुठून आला, हे पाहायची सवय ठेवा. मी ७२ पाहून खूश होतो. तो आकडा बरोबरच होता, फक्त चुकीच्या ठिकाणचा होता.

प्रोजेक्ट वेळेत झाला. मॉडेल फार हुशार निघालं नाही, धूळ बसलेलं पान दिसलं की अजून गोंधळतं. बाबांना मोबाईलवर दाखवलं तर म्हणाले, "हे तर मले पाहूनच समजते." पण दोन पानं त्यांनी मुद्दाम पुन्हा दाखवायला लावली, म्हणजे आवडलं असणार.

आता आमच्या रूममध्ये एक साधा, भिंतीवर लावायचा थर्मामीटर आहे. कॅबिनेटजवळ नाही, घाटच्या पलंगाच्या उशाशी. तो मी आणला. घाट त्यावर काही बोलला नाही. पण परवा पहाटे पाचला जाग आली तेव्हा पाहिलं, तो फिरायला निघाला होता आणि जाता जाता त्याने आपल्या रिकाम्या पलंगावरचा टेबल फॅन उचलून कॅबिनेटसमोर ठेवला.

उन्हाळा पुन्हा येतोय मित्रांनो. तुमच्या रूममध्ये जो काहीच बोलत नाही, त्याला एकदा विचारा.

— अंतिम वर्ष, संगणक शाखा