राजवाड्यामागची बस

इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत आगीने मागचा भाग खाल्ला, दर्शनी भाग उभा राहिला. चौकातून पाहणाऱ्याला हे कळत नाही.

तिथून जवळच मेहुण्यांनी एक जुनी बस हेरली होती, फिरते घर केलेली. ओटा, दोन पलंग, फुलाफुलांचे पडदे, सारे झकास. पैसे मात्र माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून जायचे होते. मालकाने इंजिन आधीच तापवून ठेवलेले, तेव्हाच मला शंका आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिन सुरू करायला लावले. निळा धूर निघाला, म्हणजे ऑइल जळतेय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस, म्हणजे बहुधा पाणी आत शिरतेय. गॅस्केट गेले असेल, नाहीतर हेडला चीर. शिवाय आर.सी. बुकात ती अजून प्रवासी बसच. बेळगावला आणायची तर मध्य प्रदेशची एनओसी हवी, कर्नाटकाचा कर वेगळाच.

हिने फोनवर एका शब्दात निकाल दिला, "ब्याड!" मेहुण्यांचा जीव पडद्यांत अडकलेला. हेड उघडून दाखवा, मग भाव बोलू, असे मी मालकाला सांगितले. तो तयार होईना. रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाल्ला (तो मात्र खरोखर फक्कड!) आणि रेल्वेची तिकिटे काढली.