गाडी आधी खालून बघावी

मिशिगनमध्ये नव्याने गेलेल्या माणसाला घराच्या आधी गाडी लागते. डेट्रॉईटच्या भोवतालच्या उपनगरांत बस आहे, पण तिच्या भरवशावर नोकरी करता येत नाही. या भागात मोटार कंपन्यांत काम करणारे मराठी इंजिनीयर बरेच आहेत. माझा भाचाही त्यातलाच. पहिल्या वर्षी नव्या गाडीचे हप्ते परवडत नाहीत, मग सेकंड हॅन्ड गाडीचा शोध सुरू होतो. गेल्या मार्चमध्ये मी त्याच्याकडे होतो, तेव्हा त्याच्यासोबत तीन गाड्या बघितल्या.

आपल्याकडे जुनी गाडी घेताना आपण किलोमीटर विचारतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, कुठे ठोकलीय का ते बघतो. तिथे आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: या गाडीने किती हिवाळे मीठ खाल्लं?

तिथल्या रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. खुद्द डेट्रॉईट शहराच्या पोटात, साधारण साडेतीनशे मीटर खोल, मिठाची खाण आहे. मिठामुळे पाणी शून्य अंशाच्या खाली गेलं तरी गोठत नाही, म्हणून गाड्या घसरत नाहीत आणि माणसं वाचतात. थंडी फारच वाढली की साधं मीठ कमी पडतं. मग कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराईड वापरतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. रस्ता कोरडा दिसला तरी गाडीच्या पोटाला चिकटलेला थर ओलाच राहतो. त्यातून आणखी एक गंमत कळली. बाहेर कडाक्याच्या थंडीत उभ्या असलेल्या गाडीपेक्षा, न धुता उबदार गॅरेजात ठेवलेली गाडी लवकर गंजते. ऊब मिळाली की गंजाचा वेग वाढतो.

मी रत्नागिरीचा. खारा वारा काय करतो ते लहानपणापासून बघत आलोय. खिडकीचे गज, दाराच्या कड्या, स्कूटरचा पत्रा, सगळ्याला तो खातो. पण तो समोरून खातो, डोळ्यांना दिसतो. मिशिगनचं मीठ खालून खातं.

आम्ही बघितलेली दुसरी गाडी बारा वर्षांची होती. रंग चकाचक, सीट स्वच्छ, इंजिन एकदम शांत. मालक सभ्य गृहस्थ. भाचा जागच्या जागी पैसे द्यायला तयार.

"मामू, इंजिन तर मस्त आहे."

"इंजिन पळवतं रे. थांबवतं कोण?"

मालकाची परवानगी घेऊन गाडी एका गॅरेजवाल्याकडे नेली आणि लिफ्टवर चढवली. तळाला काळा जाड लेप होता, तोही ताजा. मिस्त्रीने जॅक लावायच्या जागी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकली. लेप फुटला आणि आतला पत्रा पापडासारखा तुटून पडला. मग त्याने मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाईप दाखवला. लोखंडी पाईप फुगला होता, त्याचे पापुद्रे सुटत होते. त्याच्या मते हा पाईप जोरात ब्रेक दाबल्यावर फुटला असता. म्हणजे नेमका गरजेच्या वेळी.

मालकाला सांगितलं, तर तो म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. गाडी तिथे "आहे तशी" विकली जाते. डीलरला निदान गाडीच्या काचेवर वॉरंटी आहे की नाही याचा कागद लावावा लागतो, घरगुती विक्रेत्याला तेही बंधन नाही. पेनसिल्व्हेनियात गाडीची दरवर्षी सुरक्षा तपासणी होते, मिशिगनमध्ये अशी सक्ती नाही. म्हणजे सडलेला ब्रेक पाईप घेऊन ती गाडी एकाकडून दुसऱ्याकडे जात राहू शकते, आणि शेवटी जाते कुणाकडे? ज्याला तिथला हिवाळा माहीत नाही आणि ज्याच्याकडे पैसे थोडे आहेत अशा नवख्या माणसाकडे. ब्रेक निकामी झाला तर रस्ता ओलांडणाराही त्यात सापडतो.

कंपन्यांकडून भरपाई मिळेल ही आशाही नेहमी खरी ठरत नाही. टोयोटाच्या काही पिकअप गाड्यांच्या चॅसी गंजल्या तेव्हा कंपनीला त्या बदलून द्याव्या लागल्या. उलट जनरल मोटर्सच्या सुमारे ५० लाख जुन्या गाड्यांच्या ब्रेक पाईपांची सरकारी चौकशी २०१५ मध्ये बंद झाली. हा कारखान्यातला दोष नव्हे, वयोमानाची झीज आहे, असा निष्कर्ष निघाला. मालकांना सल्ला मिळाला: गाडीचा तळ धुवा, पाईप तपासून घ्या.

म्हणून तिकडे जाणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे. गाडीचा इतिहास सांगणारा अहवाल काढा, ती कोणत्या राज्यांत नोंदलेली होती ते त्यात दिसतं. शे-दीडशे डॉलर खर्चून गाडी लिफ्टवर चढवा. चॅसी, दाराखालची पट्टी, स्प्रिंग बसतात त्या जागा, ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाईप बघा. वरवरचा तांबूस गंज चालतो, भोक पडलेला पत्रा चालत नाही. ताजा काळा लेप दिसला तर तो कधी आणि का लावला ते विचारा. विक्रेता लिफ्टला नाही म्हणाला तर तुम्ही गाडीला नाही म्हणा. दक्षिणेकडच्या राज्यातली गाडी थोडी महाग मिळाली तरी विचार करा, फक्त ती पुरात बुडालेली नाही ना ते बघा.

आणि चार-पाच हिवाळे काढून तीच गाडी तुम्ही विकायला काढाल, तेव्हा समोर बहुधा तुमच्यासारखाच कुणी नुकताच आलेला मुलगा उभा असेल. त्याने विचारलं नाही तरी त्याला खालचं सांगा.