अर्ध्या तासाचे अंतर

नांदेड आणि लातूर या दोन विमानतळांमधील अंतर संगणकाला विचारावे, तर उत्तर क्षणात मिळते: सरळ रेषेत सुमारे १२५ किलोमीटर, उड्डाण जेमतेम अर्ध्या तासाचे. ऐंशी वर्षांच्या आईला लातूरला लेकीकडे न्यायचे असेल, तर हा आकडा पाहून आपण हरखून जातो. परंतु या दोन शहरांना जोडणारी नियमित प्रवासी विमानसेवाच नाही.

आणि ती असती तरी? नांदेडच्या श्री गुरू गोबिंद सिंगजी विमानतळावर तासभर आधी पोहोचायचे, तपासणीच्या रांगेत थांबायचे, विमानाच्या पायऱ्या चढायच्या-उतरायच्या, आणि लातूर शहराबाहेरच्या विमानतळावरून पुन्हा मोटारीत बसायचे. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा हिशेब अडीच-तीन तासांवरच जातो. मोटारीलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. आगगाडी पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा दोनशेहून अधिक किलोमीटरचा वळसा घेते. मात्र गाडीत आडवे होता येते आणि शौचालय जवळ असते, हे गुडघे धरलेल्या माणसासाठी थोडके नव्हे.

बहुतेक जण मोटारीनेच जातात. गोदावरी ओलांडून लोहा, अहमदपूर, चाकूर असा सुमारे १४० किलोमीटरचा हा राष्ट्रीय महामार्ग बालाघाटच्या पठारावर चढतो. लातूर नांदेडपेक्षा सुमारे अडीचशे मीटर उंच आहे, पण चढण इतकी संथ की ती ध्यानातही येत नाही. मार्गशीर्षात लोह्याजवळच्या माळेगावी खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा रस्ता खोळंबतो; ते दिवस टाळलेले बरे.

ज्येष्ठांसोबत जाताना तीन तासांचा रस्ता चार तासांचा धरावा. दर तासाला गाडी थांबवावी आणि त्यांना चार पावले चालवावे. सलग बसल्याने पावले सुजतात, रक्तप्रवाह मंदावतो. उठताना घाई नको: आधी पाय बाहेर, मग क्षणभर बसणे, मग उभे राहणे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठले की भोवळ येऊ शकते.

पण खरी अडचण वेगळीच असते आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. वाटेत लघवीला जावे लागेल या संकोचाने आई सकाळपासून पाणीच पीत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा संकोच महागात पडतो: तोंड कोरडे, डोके हलके, कधी बोलण्यात गोंधळ. म्हणून थांबण्याच्या जागा आपणच आधी ठरवाव्यात. अहमदपूर साधारण निम्म्या वाटेवर आहे. तिथे स्वच्छ शौचालय असलेले उपाहारगृह आधीच विचारून ठेवावे आणि निघतानाच आईला सांगावे, ‘अहमदपूरला थांबणारच आहोत.’ एवढे ऐकल्यावर ती घोटभर पाणी घेते. लघवी वाढविणारी गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे. परस्पर बंद करू नये. इन्सुलिन गाडीच्या तापलेल्या कप्प्यात ठेवू नये, थंड पिशवीत आपल्याजवळ ठेवावे.

आणि लातूरच्या ताईंना पोहोचण्याची नेमकी वेळ कळवू नये. चाकूर सोडल्यावर फोन करू, एवढेच सांगावे. तिकडे कोणी घड्याळाकडे डोळे लावून बसले नसेल, तर इकडे आईलाही चहासाठी आणखी एकदा थांबा म्हणताना अवघडल्यासारखे होत नाही.