कोरें वस्त्र

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं नातवाचें व्रतबंधन झालें. बटूची लंगोटी व पंचा बाजारांतून रंगीत न आणतां घरींच हळदींत रंगवावीं, असें वडील मंडळींनीं ठरविलें. त्यासाठीं आणलेलें कापड कोरेंच असावें, रंगापूर्वीं त्यास पाण्याचा किंवा सोड्याचा स्पर्श होतां कामा नये, असा दंडक मात्र आम्हीं घातला. सारा जन्म मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें अशा बाबतींत शेवटचा शब्द आमचा, ही घरांत चालत आलेली समजूत आहे.

इचलकरंजीच्या मागावरचें पांच मीटर सुती कापड आलें. धाकटी सूनबाई रसायनशास्त्र शिकलेली. ती हळूच म्हणाली, “मामंजी, हें आधीं सोड्यांत उकळून घ्यायला हवें, नाहींतर रंग सारखा चढणार नाहीं.” आम्हीं तिला अहत वस्त्र म्हणजे काय तें सविस्तर समजावून दिलें, व ती गप्प राहिली. मग हळदीच्या पातेल्यांत कापड बुडवून बाहेर काढलें तों काय! कांहीं जागीं पिवळें धमक, कांहीं जागीं रंगाचा मागमूस नाहीं. मुंजीला अवघे चार दिवस उरले होते, आणि माजघरांत कोणी आमच्याशीं बोलेना.

सूनबाईनें मात्र एका शब्दानेंही टोचलें नाहीं. उरलेल्या कोऱ्या कापडावर तिनें पाण्याचा थेंब सोडला. तो अळवावरच्या पाण्यासारखा जागच्या जागीं डुलत राहिला. दुसऱ्या टोंकावर आयोडिनचा थेंब टाकला, तेथें काळानिळा डाग उमटला. शाळेंत विज्ञानाचे मास्तर बटाट्याच्या कापावर हाच प्रयोग करीत; आम्ही शेजारच्या वर्गांतून तो शेंकडों वेळां पाहिला होता. पण पिठाचा संबंध धोतराशीं असेल, हें कधीं मनांतही आलें नाहीं.

कापसाच्या तंतूवर निसर्गानेंच मेणाचा अतिशय पातळ लेप दिलेला असतो. गादीचा कापूस पाण्यावर टाकला तर बराच वेळ तरंगतो, औषधाच्या दुकानांतील कापूस क्षणांत बुडतो. दोन्ही कापूसच, दुसरा क्षारांत उकळून निर्मेण केलेला, एवढाच भेद. (समईची वात साध्या कापसाची असूनही तेल झटकन पिते, कारण मेणाचें वैर पाण्याशीं आहे, तेलाशीं नाहीं.) दुसरें आवरण माणसानें चढविलेलें. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे घासून तुटूं नयेत म्हणून त्यांना खळ देतात. बाण्याच्या आडव्या धाग्यांना ती देत नाहींत. हल्लीं या खळींत पिठाबरोबर कृत्रिम द्रव्येंही असतात.

गिरण्यांतून हें सारें क्रमानें काढतात. प्रथम कापड ज्योतीवरून इतक्या वेगानें नेतात कीं वरची लव जळते, पण कापडाला झळ लागत नाहीं. धान्याला मोड येतांना पिठाची साखर करणारें जें द्रव्य त्यांत उपजतें, त्याच जातीच्या द्रव्यानें मग खळ विरघळवितात. पुढें दाहक सोड्यांत उकळी. तेथें मेणांतील स्निग्ध अंशाचा साबणच बनतो व पाण्याबरोबर निघून जातो. शेवटीं शुभ्रता. युरोपांत एके काळीं त्यासाठीं कापड महिनेच्या महिने कुरणावर उन्हांत पसरीत आणि आंबट दुधांत भिजवीत. 1774 सालीं शेले यांनीं क्लोरिन वायु शोधला, 1799 सालीं टेनंट यांनीं त्याची भुकटी केली, आणि महिन्यांचें काम दिवसांवर आलें. आतां बहुतेक ठिकाणीं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात.

हें ऐकतांना आम्हांस आमच्या आजीची आठवण झाली. नवें कोरें लुगडें ती घंगाळांत रात्रभर भिजत घाली, आणि सकाळीं त्या पाण्याला येणाऱ्या आंबट वासाला आम्ही मुलें नाक मुरडीत असूं. ती खळच आंबत होती!

त्या रात्रीं आम्हीं पोथी उघडली. अहत वस्त्राचें लक्षण सांगतांना शास्त्रकारांनीं नवें, पांढरें, दशांसह, न नेसलेलें असें म्हटलें आहे खरें. परंतु त्या सर्वांच्या आधीं जें विशेषण आहे, त्याचा अर्थ ‘किंचित् धुतलेलें’ असा होतो. तें पद आम्हीं मुलांकडून कितीदां तरी सोडवून घेतलें असेल. मनूनें रेशीम व लोकर खाऱ्या मातीनें, नेपाळी कांबळीं रिठ्यानें, तागी वस्त्रें पांढऱ्या मोहरीनें शुद्ध करावीं असें सांगितलें आहे. त्या यादींत कापसाचें नांव नाहीं, म्हणून आम्हांस थोडी पळवाट होती. पण ती घ्यावीशी वाटली नाहीं. सकाळीं चहाच्या वेळीं, सर्वांदेखत, सूनबाईला तें पद दाखविलें. ती फक्त म्हणाली, “मग भिजत घालूं ना, मामंजी?”

उरलेलें कापड रात्रभर भिजलें, दुसऱ्या दिवशीं धुण्याचा सोडा व थोडा साबण घालून तासभर उकळलें. पाणी चहासारखें पिंगट झालें. असलेंच, पण शतपट उग्र, पाणी कारखान्यांतून नदींत गेलें म्हणजे काय होतें, हें पंचगंगाकांठच्या लोकांस निराळें सांगावयास नको. कापड चार पाण्यांतून काढावयाचें, असें सूनबाईनें बजावलें होतें. ती स्वयंपाकांत गुंतलेली पाहून आम्हीं दोन पाण्यांवरच भागविलें आणि कापड हळदींत सोडलें. तें लालभडक झालें! हळदीला क्षार लागला कीं तिचें कुंकू होतें, हें ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या ठाऊक, त्या घरांतला हा प्रकार. सूनबाई हंसली, पुष्कळ हंसली, आणि दोन लिंबें पाण्यांत पिळून तिनें कापड त्यांत घातलें. पिवळा रंग परत आला, आणि या खेपेस सगळीकडे सारखा.

मुंज यथासांग झाली. पहिला डागाळलेला तुकडा आम्हीं टाकूं दिला नाहीं. पोथ्यांना वेष्टन म्हणून तो चालेल. त्यालाही एकदां उकळून घ्यावें असें सूनबाई म्हणते, पण तें अद्याप राहूनच गेलें आहे.