रस्ता मोकळा करणारे राणे साहेब

सुरुंग काढणारा जवान पालथा पडून पुढे सरकतो. प्रॉडर, म्हणजे सुरुंग चाचपायची टोकदार सळई, जमिनीत तिरका आणि हलक्या हातानं खुपसायचा. उभा खुपसला तर टोक थेट सुरुंगाच्या माथ्यावर बसतं. काही कडक लागलं की थांबायचं, बोटांनी कडेची माती उकरायची. खडकीला सैन्याच्या अभियंता दलातल्या बॉम्बे सॅपर्समध्ये हे सगळं मी तोंडपाठ केलं होतं. पाकिस्तानच्या सीमेवर फौज उभी करणाऱ्या ऑपरेशन पराक्रमनंतर, राजस्थानच्या सीमेवर पेरलेले सुरुंग काढायला आमची तुकडी गेली, तेव्हा ते हातांना कळलं. वाळू सरकते, त्यामुळे नकाशात दाखवलेला सुरुंग तिथेच सापडेल याची खात्री नसते. घाम डोळ्यांत उतरतो, पण पुसायला हात मोकळा करवत नाही. आमच्यावर कुणी गोळ्या झाडत नव्हतं, घाईही नव्हती, तरी संध्याकाळी चहाचा मग धरताना माझी बोटं थरथरायची.

तिथेच मी आमच्याच बॉम्बे सॅपर्सच्या सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांची हकिकत पुन्हा वाचली. रिक्रूट असताना ती परीक्षेपुरती पाठ केली होती. या वेळी वाचताना ओळ न् ओळ अंगावर आली.

एप्रिल 1948. भारत-पाकिस्तान युद्धात जम्मू-काश्मीरमधल्या नौशेराहून राजौरीकडे आपली फौज निघाली होती. 8 तारखेला रस्त्यातले सुरुंग काढायला सुरुवात होते न होते तोच शत्रूच्या उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर ठार, पाच जखमी. जखमींत राणे साहेबही होते. पण ते मागे गेले नाहीत. पुढे रस्त्यावर पाइनची मोठाली झाडं आडवी पाडलेली, भोवती सुरुंग, वर मशीनगनचा मारा. झाडं स्फोटकांनी उडवायची, सुरुंग वेचायचे, रस्ता तुटला असेल तिथे वळणवाट काढायची आणि मग रणगाडे पुढे घ्यायचे. रणगाड्याखालून सरपटत, दोरीनं चालकाला इशारे देत ते पुढे गेले, असंही सांगतात. 11 एप्रिलला तर त्यांनी तब्बल 17 तास काम केलं. मला या तासांचंच सर्वांत जास्त अप्रूप वाटतं. मोर्चावर धावून जाताना माणूस आवेशात असतो. इथे आवेश आला की हात घाईला येतो, म्हणून गोळ्यांखालीही बोटं शांत ठेवावी लागतात, तीही एकसारखी चार दिवस.

1950 मध्ये त्यांना परमवीर चक्र जाहीर झालं. सावित्रीबाई खानोलकरांनी रेखाटलेलं हे पदक आपल्या सैन्यातला सर्वोच्च युद्धसन्मान. मी खडकीत होतो तेव्हा राणे साहेबांचं नाव कानावर पडलं की पाठ आपोआप ताठ व्हायची.

निवृत्तीनंतर मुद्दाम कारवारला गेलो. राणे साहेबांचं चेंडिया गाव तिथून जवळच. समुद्रकिनाऱ्यावर ‘चपळ’ या जुन्या युद्धनौकेचं संग्रहालय आहे आणि तिच्याजवळ साहेबांचा पुतळा. मी कडक सॅल्यूट ठोकला. शेजारच्या एका शाळकरी मुलानं विचारलं, “काका, यांनी किती शत्रू मारले?” मी त्याला पाइनच्या झाडांपासून सगळं सांगितलं. तरी त्याचं पालुपद तेच. मग सांगितलं, की रस्ता मोकळा झाला म्हणून रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंत पोचले, 12 एप्रिलला राजौरी हाती आली आणि तिथल्या अनेक नागरिकांचे जीव वाचले. सन्मानपत्रात या नागरिकांचा उल्लेख आहे. त्या अख्ख्या मजकुरात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती हीच नोंद.