सेंटोसाच्या अलीकडचा एक दिवस

सांगलीतील हळदीच्या एका जुन्या अडत पेढीच्या घरासमोर त्या वर्षी दोन प्रश्न एकाच वेळी उभे होते. पहिला मोठा होता आणि त्याचा निकाल लागलेला होता. येत्या गुढीपाडव्यापासून दोघा भावांचे व्यवहार वेगळे होणार होते. भांडण असे काही नव्हते. थोरल्यांना निर्यातीकडे वळायचे होते, धाकट्यांना वडिलांची अडत सोडवत नव्हती. दुसरा प्रश्न लहान होता, पण तोच सुटत नव्हता. पेढी वेगळी होण्यापूर्वी घरातील नऊही माणसांनी एकदा मिळून प्रवास करावा, अशी आईंची इच्छा होती. त्यासाठी सिंगापूरहून निघणारी तीन रात्रींची क्रूझ ठरली. दिवाळीच्या पहाटे मंदिरात निर्वाणलाडू अर्पण करून आणि भाऊबीज आटोपून निघायचे, इथपर्यंत सर्वांचे एकमत झाले. अडले ते एका दिवसावर. जहाजात चढण्याच्या आदल्या दिवशी युनिव्हर्सल स्टुडिओज पाहायचे की नाही?

सिंगापूरच्या दक्षिणेला सेंटोसा नावाचे छोटे बेट आहे. त्यावर २०१० मध्ये सुरू झालेले हे मनोरंजन उद्यान सुमारे वीस हेक्टरांवर, एका कृत्रिम तळ्याभोवती वसवलेले आहे. न्यूयॉर्कचे रस्ते, प्राचीन इजिप्तची मंदिरे, डायनोसॉरचे अरण्य असे एकेक निराळे जग तळ्याला प्रदक्षिणा घालता घालता लागत जाते. घरातील चारही मुलांनी त्याचा नकाशा पाठ केला होता. सर्वांत धाकटा नातू सात वर्षांचा. प्रत्येक खेळाला उंचीची अट असते हे कळल्यापासून तो रोज सकाळी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राही. मम्मीच्या अंधाऱ्या गाडीसाठी १२२ सेंटिमीटर लागतात, बॅटलस्टारच्या झुल्यासाठी १२५. चौकटीवरची पेन्सिलची रेघ १२३ वर होती. एक दार उघडले होते, दुसरे दोन सेंटिमीटरांनी बंद होते.

थोरल्यांचे म्हणणे व्यापाऱ्याला शोभणारेच होते. विमानभाड्याचा खर्च होणारच आहे. इतक्या लांब जाऊन मुलांना जे पाहायचे आहे तेच वगळले, तर तो खर्च अर्ध्या मोलाचा ठरेल. धाकट्यांचा हिशेबही तितकाच सरळ होता. मुंबईहून रात्रीचे विमान घेतले तर साडेपाच तासांनी सिंगापूर येते, आणि तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. तिकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा सांगलीत पहाटेचे साडेचार झालेले असतात. त्याआधी सांगली ते मुंबई हा रस्ता. अशा जागरणानंतर विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरांच्या आत असलेल्या दमट उन्हात आठ तास रांगांतून उभे राहणे आईंना कसे झेपावे?

दोघांचेही खरे होते, म्हणूनच बोलणे पुढे सरकेना. शिवाय वाटणीच्या दिवसांत साध्या गोष्टीलाही निराळे वजन येते. थोरले बोलले की धाकट्यांना वाटे, दादांनी ठरवूनच टाकले. धाकटे अडले की थोरल्यांना वाटे, याला आता माझे काहीच पटेनासे झाले. जावाजावा गप्प राहू लागल्या. एका दिवसाच्या तिकिटांवरून घरात जो ताण आला तो त्या तिकिटांचा नव्हता, हे आईंना कळत होते.

एका गोष्टीविषयी मात्र शंका नव्हती. जहाज कोणासाठी थांबत नाही. विमानाला उशीर झाला तर पुढचे विमान असते. क्रूझची नोंदणी सुटण्यापूर्वी ठरावीक वेळ आधी बंद होते आणि मागे राहिलेल्याला पुढच्या बंदरावर स्वखर्चाने गाठावे लागते. म्हणून ज्या दिवशी जहाज, त्याच दिवशी सकाळी विमानाने पोहोचणे हा जुगारच म्हणावा. एक दिवस आधी जाणे भाग होते. प्रश्न दिवस वाढवण्याचा नव्हताच. त्या दिवसात काय भरायचे याचा होता.

आणि त्या दिवसाच्या मर्यादा कागदावर मांडताच स्पष्ट झाल्या. नोव्हेंबरच्या आरंभी सिंगापूरला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. आईंचा रात्रिभोजनत्याग अनेक वर्षांचा. त्यांच्यासोबत थोरल्या सूनबाईंनीही तो नियम घेतलेला. उद्यान संध्याकाळपर्यंत उघडे असले, तरी त्यांच्यासाठी ते साडेचार-पाचलाच संपणार होते, कारण कंदमूळ नसलेले जेवण तेथे सहज मिळेल असे धरून चालता येत नाही. त्या ऋतूत दुपारी मेघगर्जनेसह पाऊस येतो आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे खेळ थांबवतात. शिवाय उंचीची अट, भीती आणि आवड यांमुळे नऊ माणसांचे तीन-चार गट होतात. मोठी मुले एका रांगेत, लहान दुसऱ्या, आणि वडीलधारी मंडळी पाण्याच्या बाटल्या सांभाळत सावलीत. ज्या प्रवासाचा हेतूच सर्वांनी एकत्र असणे हा होता, त्याचा पहिला दिवस विखुरण्यात जाणार होता.

आईंना देशव्रताची सवय होती. दिग्व्रतात श्रावक दिशांची मर्यादा जन्मभरासाठी आखून घेतो. त्या मर्यादेच्या आत, काही काळापुरती आणखी लहान मर्यादा घालणे म्हणजे देशव्रत. आज या गल्लीपर्यंत, उद्या मंदिरापर्यंत, असे त्या रोज सकाळी मनाशी ठरवीत. मुलांचे बोलणे दोन संध्याकाळी ऐकून घेतल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी एवढेच विचारले,

“जहाज परत कधी येतं रे?”

“सकाळी लवकर, आई. आठ-नऊपर्यंत सगळे उतरतात.”

“आणि आपलं विमान?”

“रात्री.”

“मग तो दिवस कोणाचा आहे?”

तो दिवस कोणाचाच नव्हता. हॉटेलची खोली सोडलेली, जहाज संपलेले, विमानाला अवकाश. दोघेही भाऊ ज्या दिवसावरून झगडत होते तो जहाजाच्या अलीकडचा होता. पलीकडे एक आख्खा दिवस मोकळा पडून असल्याचे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. त्या दिवशी चुकण्यासारखे जहाज नव्हते, जागरणाचा शीण नव्हता, जादा रात्रीचे भाडे नव्हते. चांगी विमानतळावर शुल्क भरून सामान ठेवण्याची सोय आहे. जहाज मलेशियाच्या बंदराला जाऊन परत येणार असल्याने सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश करता येईल असा व्हिसा आवश्यकच होता. उद्यान रद्द झाले नाही, जागा बदलून पलीकडे गेले. अलीकडचा दिवस आईंनी रिकामा मागून घेतला.

तो रिकामा दिवस असा गेला. सकाळी हॉटेलवर पोहोचून सर्वांनी विश्रांती घेतली आणि दुपारी ते वनस्पती उद्यानात गेले. १८५९ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. ऑर्किडचा विभाग सोडल्यास तेथे प्रवेशशुल्क नाही. व्यापारी घराण्यांना या जागेचे एक वेगळे महत्त्व वाटावे. १८७७ साली लंडनच्या क्यू उद्यानातून रबराची बावीस रोपे येथे आली. पुढे १८८८ मध्ये हेन्री रिडले उद्यानाचे संचालक झाले. झाडाची साल तिरकी, पातळ कापून चीक असा काढायचा की जखम भरून यावी आणि तेच झाड पुन्हा पुन्हा उत्पन्न देत राहावे, ही पद्धत त्यांनी तेथे विकसित केली. रबर लावा म्हणून ते मळेवाल्यांच्या इतके मागे लागत की लोकांनी त्यांना वेडा रिडले ठरवले. काही दशकांतच मलायाचा व्यापार रबरावर उभा राहिला.

कॉलेजात जाणारी नात हे फोनवरून वाचून दाखवत असता पाऊस आला. सगळे एका छपराखाली दाटीवाटीने बसले. पुष्कळ जैन मंदिरांच्या भिंतींवर षट्‌लेश्येचे चित्र असते : फळांसाठी एक जण झाड मुळापासून तोडू पाहतो, दुसरा खोड, तिसरा फांद्या, आणि अखेरचा खाली पडलेली फळे तेवढी वेचतो. आईंनी धाकट्या नातवाला ती गोष्ट पुन्हा सांगितली. पाऊस तासभर थांबला नाही. कोणाला कोठे जायचे नव्हते, कोणत्या रांगेत कोणाचा क्रमांक नव्हता. गोष्ट संपल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही, मग धाकटे भाऊ म्हणाले, “दादा, गोदामाचं काय करायचं?”

गोदाम हा वाटणीतला राहून गेलेला मुद्दा होता. त्याचे दोन भाग केले तर हळदीची पोती फिरवण्यास जागा उरत नव्हती. सांगलीत या विषयाला हात घातला की हिशेबनीस, वकील आणि फोन मध्ये येत. येथे फक्त पाऊस होता. छपराखाली बसूनच ठरले की पेढ्या दोन झाल्या तरी गोदाम सामाईक राहील आणि त्याची किल्ली आईंकडे असेल. साडेपाचला ते लिटल इंडियात पोहोचले आणि दिवसाउजेडी सर्वांचे जेवण झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मरिना बे क्रूझ सेंटरवरून ते जहाजात चढले. जैन जेवणाची मागणी नोंदणीच्या वेळीच कळवलेली होती. जीवरक्षक जाकिटांची सक्तीची कवायत आटोपून सर्वजण वरच्या मजल्यावर आले, तेव्हा नजर पोहोचेल तेथवर मालवाहू जहाजे नांगरून पडली होती. २०२३ मध्ये या बंदराने सुमारे ३ कोटी ९० लाख कंटेनर-एकक माल हाताळला. थोरले ती जहाजे मोजत राहिले. धाकटे, कदाचित प्रथमच, दादांना निर्यातीत काय दिसते ते पाहत राहिले.

परतीच्या दिवशी आई आणि दोघी सुना जालान यासिन येथील जैन धर्मस्थानी दर्शनाला गेल्या. दोघे भाऊ मुलांना घेऊन सेंटोसाला गेले. या बेटाचे जुने मलाय नाव पुलाउ ब्लाकांग माती. त्या नावात मृत्यूचा उल्लेख होता आणि बेटावर ब्रिटिशांचे लष्करी ठाणे होते. सेंटोसा हे नाव त्याला १९७० च्या सुमारास मिळाले. मलाय भाषेत त्याचा अर्थ शांती असा होतो आणि हा शब्द संस्कृतातील संतोषावरून आलेला आहे.

सायंकाळी चांगीला सर्वजण पुन्हा एकत्र आले. नातू मम्मीच्या गाडीत बसला होता. बॅटलस्टारच्या मोजपट्टीखाली मात्र तो कमीच भरला होता. त्याचे त्याला फारसे दुःख दिसले नाही.

“आज्जी, पुढच्या वेळी मी सव्वाशे होणार. तेव्हा पण सगळे येणार ना?”

उत्तर आईंनी द्यायचे होते, पण त्यांनी दोघा मुलांकडे पाहिले. “येणार,” धाकटे म्हणाले. थोरल्यांनी नातवाचा पासपोर्ट आपल्या खिशात नीट ठेवला आणि मान हलवली.

पाडव्याला पेढ्या ठरल्याप्रमाणे वेगळ्या झाल्या. गोदाम अजून एकच आहे.