आठवड्याचा शिधा

शासकीय सेवेत निविदांची तुलनात्मक विवरणपत्रे तयार करण्यात आमची अनेक वर्षे गेली. निवृत्तीनंतर ती सवय घरातील दूरचित्रवाणी संचाकडे वळली आहे. आम्ही नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार, सोनी लिव्ह आणि झी फाइव्ह अशा पाच सेवांचे वर्गणीदार. त्यांतील कोणती ठेवावी, कोणती सोडावी, हा प्रश्न निघाला तेव्हा आम्ही रीतसर एक वही उघडली. दर शुक्रवारी कोणी काय नवे दिले, त्यातले किती पाहिले गेले, असे रकाने आखले. ‘कोणी कोणाबरोबर पाहिले’ हा रकाना आमच्या सौभाग्यवतींनी वाढवला आणि पुढे तोच सर्वांत बोलका ठरला.

दूरदर्शनच्या काळी असल्या रकान्याची गरजच नव्हती. ‘रामायण’ 25 जानेवारी 1987 पासून 31 जुलै 1988 पर्यंत रविवारी सकाळी चालले. निवडीला वाव नव्हता हे खरे. परंतु सोमवारी कचेरीत साहेबापासून शिपायापर्यंत सर्वांचे तेच पाहून झालेले असे, आणि पुढील रविवारपर्यंत सर्वांनाच सारखे थांबावे लागे.

नेटफ्लिक्सने फेब्रुवारी 2013 मध्ये ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे तेराही भाग एकाच दिवशी खुले केले. पंगतीत वाढण्याऐवजी कोठीघराची किल्लीच पाहुण्याच्या हाती दिली, म्हणा ना! जानेवारी 2016 मध्ये ही सेवा भारतात आली आणि ती रीतही आली. प्राइमवरील ‘पंचायत’ त्याच रीतीची. तिच्यातील फुलेरा गाव उत्तर प्रदेशातले म्हणून दाखवले असले, तरी चित्रीकरण आमच्या मध्य प्रदेशात, सीहोर जिल्ह्यातील महोडिया गावी झाले आहे. सचिवाची चाकांची खुर्ची आणि तीवरून झालेले रुसवेफुगवे पाहताना आम्हांस आपलेच दौऱ्याचे दिवस आठवले. जून 2025 मध्ये तिचा चौथा हंगाम आला. आमच्या अकरावीतल्या नातवाने आठही भाग एका रात्रीत मोबाइलवर संपवले. आम्ही उभयता रोज एक पाहणार. त्यामुळे आठ दिवस जेवताना त्याने काही सांगायचे नाही आणि आम्ही काही विचारायचे नाही, असा करार झाला. आमचे पाहून झाले तेव्हा त्याला त्याविषयी बोलण्याची गोडी उरली नव्हती. सौभाग्यवतींनी रकान्यात लिहिले : ‘एकेकटे’.

गंमत अशी की, किल्ली देणाऱ्यांनाच आता पुन्हा वाढून देण्याची आठवण होऊ लागली आहे. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा अखेरचा हंगाम नेटफ्लिक्सने 2025 च्या शेवटी तीन हप्त्यांत दिला. वर्गणीदाराने एक महिन्याचे पैसे भरून, सारे पाहून पोबारा करू नये, हा हिशेब उघड आहे. प्राइमने तर जून 2025 पासून वर्गणी भरणाऱ्यांनाही जाहिराती दाखवायला आरंभ केला. त्या नको असतील तर वेगळे पैसे. आणि एचबीओच्या मालिकांचे काय सांगावे! मार्च 2023 अखेर हॉटस्टारवरून त्या हलल्या, पुढे जिओसिनेमावर रुजू झाल्या आणि फेब्रुवारी 2025 मध्ये दोन्ही सेवांचे विलीनीकरण होऊन जुन्याच जागी परतल्या. इतक्या झटपट बदल्या आमच्या खात्यातही होत नसत.

आमचा खरा शोध मात्र मराठीचा होता. इंदुरात नातवाची शाळा इंग्रजी, मित्र हिंदी. मराठी त्याच्या कानी पडते ती केवळ घरात. नेटफ्लिक्सवर 2021 मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ आला, सोनी लिव्हवर 2024 मध्ये ‘मानवत मर्डर्स’ आली. दोन्ही कसदार, परंतु ही झाली वानगी. वानगीवर घर चालत नाही. दर आठवड्याला हमखास येणारी मराठी वाहिन्यांच्याच सामग्रीतून येते : झी फाइव्हवर झी मराठीच्या मालिका, जिओहॉटस्टारवर स्टार प्रवाहच्या, सोनी लिव्हवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. मालिकांतील कारस्थानी सासवांची मराठी नातवाच्या कानी न पडलेली बरी, असे आमचे स्पष्ट मत आहे. हास्यजत्रेला मात्र तो आपण होऊन येऊन बसतो. विनोद कधी उथळ असतो, पण तो कळण्यासाठी शब्द कळावा लागतो. एकदा त्याने ‘इरसाल’ म्हणजे काय, असे विचारले. सौभाग्यवतींनी अर्थ सांगितला नाही. शेजारी बसलेल्या आमच्या साडूंकडे बोट दाखवले. तो शब्द आता त्याच्या तोंडी पक्का बसला आहे.

अखेर सोनी लिव्ह वर्षभर ठेवावी आणि उरलेल्या चार सेवा एकेक महिना पाळीपाळीने घ्याव्या, असा निर्णय झाला. पाळी कोणाची, हे ठरवण्याचा अधिकार नातवाने मागून घेतला आहे.

प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्ह्ज’ ही आपली सेवा सुरू केली. दूरदर्शनचा जुना ठेवा तेथे आहे आणि भागांमागून भाग हात जोडून उभे आहेत. आम्ही मात्र रविवारी सकाळी एकच पाहतो.